जवानाचे नाव आणि घरच्यांचा सातबारा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कोरडवाहू कापूस' असा विषय छापला आहे. पऱ्हाटीवर बोलायला मला एकदा उभे केले की मी तासभर खाली बसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. वाणांचे आणि फवारणीचे जे सांगायचे ते जेवणानंतर सांगेन. आधी एक वेगळी गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलायला मला बरीच वर्षे उशीर झाला आहे.

आपल्याच जिल्ह्यातले एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्या घराला आता आणखी गर्दी नको आहे. त्या गावचा एक जवान सीमेवर पडला. घर कोरडवाहू शेतकऱ्याचे. सहा एकर वावर, निम्म्यात पऱ्हाटी, निम्म्यात ज्वारी आणि तूर. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेच्या पटांगणात मोटारीच मोटारी. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला होता. मला मोजायची सवय आहे. झाडे मोजतो, झाडावरची बोंडे मोजतो. तसा तो फ्लेक्सही मोजला. जवानाचा फोटो एक आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो सव्वीस. जवानाचा फोटो लग्नातला होता, बाशिंग कापून काढलेला. बाकीचे सव्वीस फोटो मात्र ताजे, हात जोडलेले. आणि जवानाच्या आडनावातले एक अक्षर चुकले होते. सव्वीस जणांपैकी कोणाचेही नाव चुकलेले नव्हते.

त्या दिवशी मीही माईक हातात घेतला. 'ताई, सगळा जिल्हा तुमच्या पाठीशी उभा आहे,' असे म्हणालो. घोषणा झाल्या. बंदुकीच्या फैरी झाल्या. अंधार पडायच्या आत मोटारी निघून गेल्या, त्यांच्यात मीही गेलो.

तार आणि टीव्ही

आपल्याला वाटते की जवान गेला म्हणजे अशी यात्रा निघायचीच, पूर्वापार चालत आलेले आहे. तसे ते नाही. १९६२, १९६५, १९७१ च्या लढायांत पडलेल्या बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच, पलटणीच्या मागे झाले. घरी यायची ती तार. मागाहून एखादी पत्र्याची पेटी, तिच्यात कपडे आणि कागद. बायकोला नवऱ्याचे तोंड दिसत नसे. १९९९ च्या कारगिलपासून देह गावोगाव पोचवायची पद्धत पडली. घरच्यांना शेवटचे दर्शन होते, ही चांगली गोष्ट झाली, तिला नावे ठेवायची नाहीत. पण नेमका तेव्हाच घरोघर टीव्हीही पोचला होता. त्यामुळे दर्शनही झाले आणि प्रदर्शनही सुरू झाले.

कारगिलच्या वेळी मी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होतो. परीक्षेसाठी वसतिगृहात थांबलो होतो. ८ जून १९९९ ची गोष्ट. मँचेस्टरला विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान सामना. दुपारी सुरू झाला, रात्री संपला, आपण ४७ धावांनी जिंकलो. टीव्हीच्या खोलीत मुले एकमेकांच्या खांद्यावर. मीही त्यात होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा तेवढा खोलीत नव्हता. त्याचा थोरला भाऊ फौजेत होता, वर कुठेतरी. तो फाटकाबाहेरच्या एसटीडी बूथवर घरी फोन लागतो का पाहत उभा होता. फटाके वाजले तेव्हा तो दचकला, असे बूथवाल्याने दुसऱ्या दिवशी सांगितले. त्या रात्री तोलोलिंगचा डोंगर अजून आपल्या ताब्यात यायचा होता. तो १३ जूनला आला. त्या लढाईत एकूण ५२७ जवान गेले. माझ्या मित्राचा भाऊ सुखरूप परत आला. पण मी त्या रात्री बूथवर गेलो नाही हे माझ्या लक्षात राहिले.

आता कोणी म्हणेल, हे साहेब क्रिकेटवर घसरले. नाही. क्रिकेट मी आजही पाहतो. सिनेमाही पाहतो. मला एवढेच विचारायचे आहे की आपल्या डोक्यात नावे कोण भरतो?

२०१८ चा फेब्रुवारी आठवा. १० तारखेला जम्मूजवळ सुंजवानच्या लष्करी तळावर हल्ला झाला. सहा जवान गेले, आणि एका जवानाचे वडीलही. त्याच महिन्याच्या २४ तारखेला श्रीदेवी दुबईत वारल्या. मोठ्या अभिनेत्री. सरकारी इतमामात, तिरंग्यात त्यांची अंत्ययात्रा निघाली. तो मान त्यांना द्यावा की नाही यावर मला बोलायचे नाही. कलावंताचे दुःख करण्यात वाईट काही नाही. पण त्या आठवड्यात टीव्हीवाल्यांनी काय काय दाखवले ते तुम्ही पाहिले आहे. खोली कोणती, पाण्याचे टब किती खोल, कोण कधी आले, कोण कधी गेले. आज या मंडपात त्या अंत्ययात्रेची तारीख सांगणारे दहा जण निघतील. सुंजवानच्या सहांपैकी एकाचे नाव सांगणारा आहे का कोणी? मलाही येत नव्हते. मी हे भाषण करायचे ठरवल्यावर शोधून वाचले.

आपण भावाची भाषा जाणणारी माणसे, म्हणून त्या भाषेत सांगतो. नावालाही बाजार आहे. नटाचे नाव घेतले की साबण खपतो, खेळाडूचे नाव घेतले की मोटरसायकल खपते, म्हणून ते नाव सकाळ-संध्याकाळ कानावर पडते. मेलेल्या जवानाच्या नावावर काही खपत नाही. अपवाद एकच: निवडणूक. तीन आठवडे ते नाव चढ्या भावाने उठते आणि मग कोणी विचारत नाही. बोंडअळीने खाल्लेल्या कापसासारखे.

मारुतीच्या पाराजवळचा दगड

आपले पूर्वज हे कसे करत होते, ते पाहायला लांब जायला नको. मराठवाड्यात आणि देशावर गावोगाव, आपल्याकडेही काही ठिकाणी, मारुतीच्या पाराजवळ किंवा पांढरीच्या कडेला एक उभा कोरीव दगड असतो. वीरगळ म्हणतात त्याला. कुठे त्याला शेंदूर फासून देव केला आहे, कुठे त्यावर बाया धुणे आपटतात, कुठे तो देवळाच्या पायरीत चिणला आहे. एकदा नीट पाहा. खालच्या चौकटीत लढाई, एखादा माणूस आडवा पडलेला. पुष्कळदा त्याच्या बाजूला गाई कोरलेल्या असतात. त्याच्या वर अप्सरा त्याला वर नेताना. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. आणि माथ्यावर चंद्र आणि सूर्य. म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर याची आठवण राहील.

गाई का कोरल्या? कारण तो माणूस गावाची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना पडला. सात-आठशे वर्षांपूर्वी गुरे गेली की गावाची शेती गेली. तो कोणी राजा नव्हता. राजाची देवळे वेगळी. हा गावातला, बहुधा नांगर धरणारा, आणि त्याच्यासाठी गावाने किंवा घराने पाथरवटाला बसवून दगड घडवून घेतला. अशा दगडांवर बहुतेक वेळा अक्षर नसते. नाव गावाच्या तोंडी होते, ते पुढे विसरले. पण दगडावर पडलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणा पुढाऱ्याचे चित्र नाही, ही गोष्ट मला आपल्या फ्लेक्सपुढे फार मोठी वाटते.

दुसरी गोष्ट. नुसता दगड उभा करून थांबत नसत. शेजारच्या कर्नाटकात अशा वीरांच्या घरच्यांना जमीन तोडून दिल्याचे जुने शिलालेख आहेत. आपल्या मराठेशाहीच्या कागदांत 'बालपरवेशी' असा शब्द येतो. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोटाची तजवीज, असा त्याचा अर्थ. सगळ्यांना ती मिळत होती असे मी म्हणत नाही. त्या राज्यांतही दरबारी होते आणि कारकूनही होते. पण सन्मान म्हणजे नाव आणि त्यासोबत भाकरी, एवढे त्यांना कळत होते.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे, अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात त्याला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले. राज्य इंग्रजांचे होते, तरी गावात त्यांचे स्मारक आहे आणि आजही तिथली मुले फौजेत जातात. त्याच जिल्ह्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. त्यांना अशोकचक्र मिळाले. २०२१ साली संशोधकांनी ठाण्याकडे सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचे नाव दिले, इशियस तुकारामी. हे ऐकून काही जण हसतात. मी शेतकी शिकलेला माणूस, मला हसू आले नाही. पऱ्हाटीवरचा कोळी आपला मित्र आहे, पानावर बसून किडी धरतो. आणि शास्त्राच्या यादीत गेलेले नाव कोणाला फ्लेक्ससारखे उतरवता येत नाही.

आणखी एक. जवान म्हणजे फक्त लष्कर असे धरू नका. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जण गेले, त्यात दोघे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाला, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात आपले १५ पोलीस गेले आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. तो चालक वर्दीतला नव्हता, म्हणून त्याला मोजताना लोकांची जीभ अडखळते. सरकारने तर २०१७ साली माहिती आयोगापुढे सांगितले की 'शहीद' हा शब्द लष्कराच्याही कागदात नाही आणि पोलिसांच्याही नाही. म्हणजे भाषणात सगळे शहीद, आणि फायलीत वेगवेगळे नियम. हे घरच्यांना तेराव्यानंतर कळते.

शहीदाचं वावर

आता परत त्या गावाकडे येतो. २०१७ चा हंगाम. गुलाबी बोंडअळीने सगळी पऱ्हाटी नासवली होती. मी गावोगाव बोंडे फोडून दाखवत फिरत होतो. त्या गावच्या शिवारात एका वावरापाशी थांबलो. डवरणी नाही, निंदण नाही, गवत पऱ्हाटीच्या वर. सोबतच्या पोराला विचारले, कोणाचे रे हे? पोरगा म्हणाला, 'शहीदाचं वावर.' गावात ते नावच पडले होते. बांधावर नाव, वावरात गवत.

संध्याकाळी घरी गेलो. ताई ओळखीचे हसल्या, चहा केला. सासू खाटेवर. पोरगी दुसरीत. मी काहीतरी पुटपुटलो, की गावाने मिळून पुढची पेरणी करून देऊ, इर्जिक करू. त्या म्हणाल्या, 'भाऊ, पेरून देता तं द्या, नाही म्हणत नाही. पण वावर कोणाच्या नावावर हाय, हे पहा ना पहिले.'

मग त्यांनी सातबारा पुढे ठेवला. नाव अजून नवऱ्याचेच. दोन वर्षे होत आली होती. दीर म्हणत होता, सरकारचे पैसे वहिनीला मिळाले, आता वावर आमच्याकडे राहू द्या. फेरफाराचा अर्ज कोणी पुढे जाऊ देत नव्हते, एकदा हरकत, एकदा कागद कमी, एकदा साहेब रजेवर. सातबारावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. पीकविमा नाही. सरकारी खरेदीत कापूस नेला तर सातबारा मागतात. बोंडअळीची मदत जाहीर झाली ती खातेदाराच्या खात्यात जमा होणार, आणि खातेदार तर फ्लेक्सवर!

भावांनो, यात कायदा अवघड नाही. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्शात बायको, मुले आणि आई यांचा सारखा वाटा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. आईचाही वाटा आहे, हे लक्षात ठेवा. सून-सासूची भांडणे पुष्कळदा हे माहीत नसल्यामुळे लागतात, आणि ती लावून देणारे तिसरेच असतात. महसूल कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची, तलाठी फेरफार लिहितो, नोटीस काढतो, मंडळ अधिकारी मंजूर करतो. एवढेच. बंदुकीच्या फैरींचा हुकूम एका रात्रीत निघतो. या एका ओळीला दोन वर्षे लागतात.

मी त्या ताईंना म्हणालो, पंधरा दिवसांत करून आणतो. तेव्हा बोंडअळीच्या मदतीसाठी आपले मोर्चे सुरू होते. माझे पंधरा दिवस मोर्चात गेले, मग महिने गेले. त्यांची नोंद पुढे झाली. माझ्यामुळे झाली नाही. पोरीला सासूजवळ ठेवून त्या एसटीने तहसीलला जात राहिल्या, चौदा महिने. एकूण किती फेऱ्या झाल्या ते त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे. ती वही मी पाहिली आहे, आणि म्हणून आज उभा आहे.

एक शंका इथे कोणाच्या तरी मनात असणारच. आपलाच शेतकरी फास घेतो आहे, त्याच्या बाईचे कोण पाहते? बरोबर आहे. तहसीलच्या त्याच ओट्यावर त्या ताईंच्या शेजारी दुसऱ्या एक बाई बसायच्या. त्यांच्या नवऱ्याने विष घेतले होते. त्यांच्यासाठी फ्लेक्स लागला नव्हता, फैरी झाल्या नव्हत्या. कागद मात्र दोघींना तेच मागितले. १९६५ साली, लढाई आणि धान्याची टंचाई एकाच वेळी डोक्यावर असताना, लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' म्हटले. ती घोषणा मला खोटी वाटत नाही, त्या माणसाने ती मनापासून दिली होती. पण आज जवानाची बायको आणि किसानाची बायको एकत्र दिसते ती या ओट्यावर. म्हणून पुढचे जे काम सांगतो, ते दोघींसाठी आहे.

काम असे. प्रत्येक गावच्या शाखेने दोन याद्या करायच्या. पहिलीत गावचे जे कोणी पडले ते, लष्कर, राखीव दल, पोलीस, कोणत्याही सालातले. १९७१ चे असतील तर म्हाताऱ्यांना विचारा, त्यांच्यानंतर कोणाला विचारायला उरणार नाही. नाव घरच्यांकडून लिहून घ्या, अक्षर न् अक्षर. दुसरीत दोन्ही प्रकारची घरे: सातबारावर वारसांची नावे चढली का, नसतील तर कोठे अडले, वावर कोण वाहते, बटाईने दिले असेल तर किती हिश्शाने. पहिली यादी ग्रामसभेत वर्षातून एकदा मोठ्याने वाचायची. दुसरी वाचायची नाही. ती घेऊन दोघांनी त्या बाईबरोबर तहसीलला जायचे, तिने नको म्हटले तर जायचे नाही.

आणि इर्जिक. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात अडल्या घराची पेरणी गावाने एका दिवसात उरकायची, भाकरी त्या घरची. आता बैलजोड्या कमी झाल्या, पण ट्रॅक्टर आहेत. ज्या घराला हवे त्याच्या वावरात एक दिवस वखरणी, एक दिवस पेरणी, पुढे एक डवरणी. फोटो काढायचे नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातही फोटोची हौस असलेले आहेत आणि त्यांची नावे मी घेत नाही.

फ्लेक्सबद्दल ठराव करावा की नाही यावर काल कार्यकारिणीत वाद झाला. एक जण म्हणाला, लोकांच्या भावनेला बांध घालू नका. माझे मत असे की श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर आपल्या कार्यकर्त्याने स्वतःचा फोटो लावू नये. लावला तर त्याने त्या घरची एक डवरणी स्वतः करावी, मजूर लावून चालणार नाही. तुम्ही हात वर करून ठरवा.

याद्यांचे कोरे कागद दाराजवळच्या टेबलावर आहेत. मृगाच्या आत भरून तालुक्याला द्या. त्या ताईंना आज बोलावले होते, पण वावरातली धसकटे वेचायची राहिली आहेत म्हणाल्या. त्यांच्या गावाची यादी मी स्वतः भरली आहे. आडनाव त्यांना वाचून दाखवले. त्यांनी कागद हातात घेतला, पुन्हा एकदा स्वतः वाचला आणि म्हणाल्या, बरोबर हाय.

आता जेवून घ्या. नंतर सरकीच्या वाणांवर बोलू.